सेवासदन म्हणजे साड्यांचं दुकान नव्हे!

आधी एक कबुली देऊन टाकते. पुण्यात येऊन दीड वर्ष होईपर्यंत मला सेवासदन हे साड्यांचं दुकान वाटत होतं. हसू नका! लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंना साड्या आणि सोनं याशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि रिक्षावाले काका सेवासदन चौक म्हणतात, म्हणजे तिथे त्या नावाचं एखादं जुनं, प्रसिद्ध दुकान असणार, असं माझं सरळसोट इंजिनिअरिंग लॉजिक. हॉस्टेलच्या ट्रॅडिशनल डेसाठी साडी घ्यायला गेलो तेव्हा मी तिथल्या एका दुकानदारांनाच विचारलं की सेवासदन कुठल्या मजल्यावर आहे. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही.

माझं शिक्षण मुंबईत, कॉन्व्हेंटमध्ये. बोर्डाला मराठी होतं, पण लोअर लेव्हल. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अजूनही क्षणभर अडखळते. तेव्हा या विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर माझ्या रूममेट्सना आधी हसू आलं, मग काळजी वाटली. आमच्या संपादक मॅडमनी एकच अट घातली होती, की व्यक्तिचित्र हवं पण कलामसाहेब आणि स्टीव्ह जॉब्ज सोडून, कारण ते दरवर्षी पाच-पाच येतात. मी रमाबाई रानडे निवडल्या. त्याचं कारण सांगायचं तर मला आधी माझी स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल.

मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत आम्ही सगळे आजोळी जमलो होतो. आजोळ सांगली जिल्ह्यात, विट्याच्या बाजूला. माझ्या मामेबहिणीची तेव्हा बारावी चालू होती आणि तिने फराळ करता करता जाहीर केलं, की बारावीनंतर तिला बीएस्सी नर्सिंग करायचंय. घरात एकदम शांतता. मामी म्हणाली की उद्या स्थळं बघताना काय सांगायचं. मामा काहीच बोलला नाही, जे जास्त वाईट. आणि मी, घरातली हुशार पोरगी, इंजिनिअरिंगला असलेली, सगळ्यांसमोर तिला सल्ला दिला की नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घे, लोकांची घाण काढायला कशाला जातेस. ती माझ्याकडे फक्त बघत राहिली, मग उठून आत शेंगा फोडायला गेली.

बोलली ती आजी. त्याच वर्षी तिचा खुबा मोडून ती एकवीस दिवस दवाखान्यात होती. तिने मामाला विचारलं, की त्या एकवीस दिवसांत मला दर दोन तासांनी कुशीवर कोण वळवत होतं, तू की तुझी बायको? विषय तिथेच संपला. मामेबहीण आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

त्यानंतर कधीतरी याच आजीने मला फोनवर सांगितलं, की तू म्हणतेस ते दुकान नव्हे, ती आमच्या देवराष्ट्र्याच्या मुलीने काढलेली संस्था. मी लायब्ररीतून रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक आणलं आणि रोज रात्री जेवणानंतर फोनवर आजीला वाचून दाखवायला लागले. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणून तिला वाचता येत नाही, आणि मला जुनं मराठी कळत नाही. असं दोघींचं मिळून एक पुस्तक दीड महिन्यात वाचून झालं.

देवराष्ट्रे हे गाव आज बहुतेकांना यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून किंवा जवळच्या सागरेश्वर अभयारण्यामुळे माहीत असतं. यशवंतरावांच्या पन्नासएक वर्षं आधी, २५ जानेवारी १८६२ रोजी, याच गावच्या कुर्लेकरांच्या घरात एक मुलगी जन्मली. नाव यमुना. मुलींना शिकवायचं नाही हा त्या काळचा रिवाज, त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत तिला अक्षरओळखसुद्धा नव्हती. आणि अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं ते कोणाशी? तर मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेल्या महादेव गोविंद रानड्यांशी! वय वर्षे ३१.

या लग्नाची गोष्ट काही सुखाची नाही. रानडे विधवाविवाहाच्या बाजूने उभे राहिलेले गृहस्थ. त्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली, तेव्हा आता हे बोलतात तसं वागून एखाद्या विधवेशी लग्न करतात की काय, याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. वडिलांनाही नेमकी तीच धास्ती होती, म्हणून त्यांनी घाईघाईने ही मुलगी ठरवली. रानड्यांनी विरोध करून पाहिला, पण वडिलांपुढे त्यांचं काही चाललं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लग्न लागलं. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत. सुधारकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली, आणि माझ्या मते ती त्यांना मिळायलाच हवी होती. पण त्याच रात्री त्यांनी त्या मुलीला काय काय येतं याची चौकशी केली, आणि तिला वाचता येत नाही म्हटल्यावर पाटी काढून मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली. स्वतःला पेलला नाही तो सुधारणेचा भाग त्यांनी बायकोच्या पाटीवर भरून काढायचं ठरवलं असावं.

आता आपल्याला वाटतं की वा, किती छान, नवरा शिकवतोय! पण शिकायचं कुठे? पुण्याचं ते घर म्हणजे सासूबाई, नणंद, आत्या, मावश्या अशा सात-आठ बायकांनी भरलेलं. मुलीने दिवसा स्वयंपाकघरात राबायचं आणि रात्री नवऱ्याकडे धडा द्यायचा. धडा चालू आहे हे सगळ्यांना माहीत, आणि दुसऱ्या दिवशी टोमण्यांची फैर. इंग्रजी सुरू झाल्यावर तर कहरच. शिकवायला इंग्रज बाई येऊ लागल्या, तर त्यांच्याकडचा धडा झाला की आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावायचा नाही. (आमच्याकडे एम-थ्रीचं लेक्चर झाल्यावर आंघोळ कराविशी वाटते, पण ते वेगळं कारण!)

एकदा तर फारच विचित्र प्रसंग झाला. पुण्यात विष्णूच्या देवळात बायका जमल्या होत्या, आणि जुन्या मताच्या एकीकडे, शिकलेल्या दुसरीकडे अशा वेगवेगळ्या बसल्या होत्या. रमाबाईंनी कुठे बसायचं? इकडे बसल्या तर नवरा नाराज, तिकडे बसल्या तर घर नाराज. त्यांनी डोकं दुखतंय असं सांगून सरळ घर गाठलं. मला तर ही अत्यंत व्यवहारी युक्ती वाटते, आपण व्हायवाला करतो तशीच. पण रानड्यांना ती पळवाट वाटली. त्या रात्री ते बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. रोज झोपताना त्या त्यांचे तळपाय तुपाने चोळून देत, तेही करू दिलं नाही. ही शिक्षा मारापेक्षा मोठी वाटली असणार, कारण इतक्या वर्षांनंतर लिहितानासुद्धा त्यांना ती रात्र आठवते.

इथे माझं आणि आजीचं भांडण झालं. मी म्हणाले, हे कसले सुधारक, हा तर इमोशनल अत्याचार आहे, आणि ही बाई उलट स्वतःच माफी मागते? आजी म्हणाली की तू विसाव्या वर्षी वाचतेयस, त्या घरात राहून बघ. मला अजूनही राग येतोच. पुस्तकभर त्या स्वतःकडे कमीपणा घेतात आणि सगळं श्रेय नवऱ्याला देतात, तेव्हा पान उलटताना मी कितीदा तरी चडफडले आहे. पण पुढे त्यांनी काय केलं ते बघितल्यावर वाटतं, की या घरात त्या जे शिकल्या ते कुठल्याच इंग्रज बाईंना शिकवता आलं नसतं.

रानड्यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली. तिथे दोघांचाच संसार, त्यामुळे अभ्यासाला मोकळीक मिळाली आणि चारचौघांत बोलण्याची पहिली वेळही तिथेच आली. पुढे परत पुणे. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि आमच्या रमाबाई तिथे जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल व्हावं म्हणून मुंबईच्या गव्हर्नरसमोर जे निवेदन झालं ते इंग्रजीतून वाचलं याच बाईंनी. ती शाळा, म्हणजे आजची हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झाली. इकडे घरात मात्र शेकडो पुरुषांसमोर सून इंग्रजी बोलली म्हणून रणकंदन. रानडे मान खाली घालून ऐकत राहिले, आणि धडे काही थांबले नाहीत.

या घरातल्या एका बाईबद्दल मला जास्त लिहायचंय. रानड्यांची सख्खी बहीण दुर्गा. म्हणजे रमाबाईंची वन्सं. त्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. भाऊ विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, पण वडिलांच्या धाकामुळे स्वतःच्या बहिणीचं पुन्हा लग्न लावू शकला नाही. आता विचार करा. तोच भाऊ अकरा वर्षांची बायको आणतो आणि रोज रात्री तिला पुस्तकं वाचून दाखवायला लावतो. बहीण मात्र त्याच घरात, दाराच्या अलीकडे. सोवळं, उपासतापास, स्वयंपाक. रमाबाईंना टोचून बोलणाऱ्या बायकांमध्ये दुर्गाबाईही होत्या. पहिल्यांदा वाचताना मला त्या व्हिलन वाटल्या. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर भावजयीची पाटीच फोडली असती!

आणि हे दुःख रमाबाईंना जवळून दिसलं असणार, असं मला वाटतं. हुशार, धडधाकट बाई, घरभर राबते, आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून सेवा करते, बाळंतिणीचं सगळं करते, आणि तरी तिला कोणी विचारत नाही. अशी एक विधवा त्या काळच्या प्रत्येक मोठ्या घरात होती. रमाबाईंनी नंतर ज्यांच्यासाठी दार उघडलं त्या याच बायका.

दार उघडणं सोपं नव्हतं, कारण त्याआधी दोन मोठे भडके उडाले होते. एक म्हणजे १८९० चं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण. मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून पुण्यातल्या बड्या मंडळींवर बहिष्काराची पाळी आली. पुरुषांना वर्तमानपत्रात भांडता येतं, पण बहिष्काराचा खरा मार घरातल्या बायकांना बसतो. माहेरपण बंद, सणवाराला कोणी येत नाही, मुलींची लग्नं अडतात. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी मित्रांच्या घरांसाठी म्हणून प्रायश्चित्त घेतलं. दुसरा भडका पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा. विधवा आणि मुलींसाठी १८८९ मध्ये मुंबईत निघालेली ही शाळा पुढच्या वर्षी पुण्यात आली. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय असा १८९३ मध्ये बोभाटा झाला आणि पालकांनी भराभरा मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकरांनीही अंग काढून घेतलं. एकदा विश्वास उडाला की कितीही चांगली संस्था असो, पालक पोरगी पाठवत नाहीत हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं.

१८९३ मध्येच रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश होऊन मुंबईला गेले. तिथे रमाबाईंनी बायकांसाठी क्लब काढला, त्यात भाषांपासून शिवणापर्यंत वर्ग चालत. कलकत्त्याला असताना रानडे न्हाव्याकडून बंगाली शिकले आणि त्यांनी बायकोला शिकवलं, अशा गमतीजमतीही पुस्तकात आहेत, त्या तुम्ही वाचा. बाकी हा सगळा काळ रमाबाईंच्या हातून जी कामं झाली त्यांना आज आपण सरळ नर्सिंग म्हणू. रानड्यांची नजर अधू, म्हणून त्यांना तासन्तास वाचून दाखवणं. त्यांची पथ्यं, औषधं, झोप. घरातल्या माणसांची आजारपणं. स्वतःचं मूल नव्हतं, पण घर कायम भरलेलं, आणि हळूहळू त्या घराच्या कर्त्या त्याच झाल्या.

१६ जानेवारी १९०१ च्या रात्री रानडे हृदयविकाराने गेले. त्यांना ५९ पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते, आणि रमाबाईंना ३९ पूर्ण व्हायला नऊ दिवस. त्या पुण्याच्या जुन्या घरी परत आल्या आणि वर्षभर जवळजवळ बाहेरच पडल्या नाहीत. ज्या विधवेचं जगणं त्यांनी वन्संच्या रूपाने रोज पाहिलं होतं, ते आता त्यांचं स्वतःचं झालं होतं.

मग १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली झालं. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे दोघे त्यांच्याकडे एक कल्पना घेऊन आले. बायकांसाठी एक घर असावं आणि तिथे हिंदी बायकांना नर्सचं शिक्षण मिळावं. मुंबईत सेवासदन सुरू झालं. १९०९ मध्ये रमाबाईंनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्याचं सेवासदन काढलं, तेही स्वतःच्या वाड्यात. म्हणजे ज्या घरात इंग्रजी धड्यानंतर आंघोळ करावी लागत होती त्याच घरात बायकांचे वर्ग भरू लागले!

शिवण, वाचन, शिक्षिकेचं शिक्षण इथपर्यंत पुणेकरांनी ऐकून घेतलं. नर्सिंग म्हटल्यावर कोणी तयार होईना. का होईना, ते नीट समजून घ्यायला हवं. तेव्हा दवाखान्यातल्या नर्स बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती. आमच्या शाळेत नन्सना सिस्टर म्हणायचो आणि दवाखान्यात नर्सलाही सिस्टरच म्हणतात, या दोन शब्दांचा संबंध मला हे वाचताना पहिल्यांदा कळला. रुग्णसेवेचं काम पूर्वी जोगिणींनी केलं, त्यांचं संबोधन नर्सेसना चिकटलं. पण शारदासदनानंतरच्या पुण्यात सिस्टर म्हणजे मिशन आणि मिशन म्हणजे बाटणं, असा सरळ हिशोब होता. त्यात परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा. कोणत्या जातीचा आहे न विचारता त्याचं रक्त, ओकारी, मलमूत्र उचलायचं. रात्रपाळीला घराबाहेर राहायचं. हे ब्राह्मणाच्या विधवेने करायचं? मामीच्या स्थळाच्या प्रश्नापेक्षा हे आक्षेप शंभर पट मोठे होते, पण जात तीच.

रमाबाईंचं उत्तर मला फार हुशारीचं वाटतं. त्यांनी कुणाला मागासलेलं ठरवलं नाही. (मी असते तर पहिल्या सभेतच ठरवलं असतं.) त्यांनी लोकांना समजावलं, की विधवा आणि निराधार बायकांना यात मान आहे, पोट आहे आणि माणसांची सेवा आहे. आपल्या घरातल्या बायका आजाऱ्याचं जे करतात तेच हे काम, फक्त शिकून आणि पगार घेऊन. ससून हॉस्पिटलमध्ये शिकण्याची सोय झाली. नर्सेससाठी वेगळं वसतिगृह काढलं, वैद्यकीय शिकणाऱ्या मुलींसाठी वेगळं. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कळेल की घरच्यांचे निम्मे प्रश्न हॉस्टेलबद्दलच असतात. कोण रेक्टर आहे, जेवण कोण करतं, रात्री किती वाजता गेट बंद होतं. रमाबाईंना हे प्रश्न आधीच पाठ होते, कारण ते विचारणाऱ्या बायकांबरोबरच त्यांचा जन्म गेला होता. आणि हमी कोणाची, तर न्यायमूर्तींच्या पत्नीची, जिने सासर सोडलं नाही, धर्म सोडला नाही, घरातल्या मोठ्यांना उलट उत्तर दिलं नाही. ज्या आज्ञाधारकपणावर मी दीडशे पानं चिडत होते, त्याच भांडवलावर त्यांनी बायकांना वॉर्डात नेलं. हे पटायला मला वेळ लागला, आणि थोडं अजूनही पटत नाही.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. पुण्यात रुग्णसेवेची सुरुवात सेवासदनाने झाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांना कोणाची समजूत काढत बसायची गरज वाटली नाही. शिवाय दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या, मलमूत्र उचलणाऱ्या बायका होत्याच, त्यांची प्रतिष्ठा जाईल म्हणून कोणी सभा भरवल्या नाहीत. पांढरपेशा घरातल्या बायका आल्या तेव्हा कामाला मान मिळाला, हे काही आपल्या समाजाचं कौतुक नव्हे. पण मान मिळवून देण्यासाठी कुणीतरी त्या घरांची दारं ठोठवायला हवी होती, आणि ती रमाबाईंनी ठोठावली.

१९१० मध्ये त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं, गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. पुढची वर्षं नुसती धावपळीची. तुरुंगातल्या बायकांना भेटणं, दवाखान्यात रोग्यांना फळं-फुलं घेऊन जाणं, १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडातल्या दुष्काळात मदत. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या जत्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या वारकरी बायकांच्या मदतीला जात. पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी फक्त मुलांना द्यावं असा घाट घातला गेला, तेव्हा मुलींसाठी त्या रस्त्यावर उतरल्या. डोकं दुखतंय म्हणून देवळातून घरी गेलेली हीच ती बाई! मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या शेवटपर्यंत झगडल्या. १९२४ मध्ये त्या गेल्या तेव्हा वय ६२ होतं. १९६२ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. २०१२ मध्ये त्यांच्यावर उंच माझा झोका ही मालिका आली, ती आजीने एकही भाग न चुकवता पाहिली होती. म्हणूनच ती माझ्याशी इतक्या ठामपणे भांडू शकली, हे मला नंतर कळलं.

पुस्तक संपलं त्या शनिवारी मी पुन्हा लक्ष्मी रोडला गेले, यावेळी साडीसाठी नाही. चौकात गर्दी, हॉर्न, सेलचे बोर्ड. संस्था अजून आहे. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बराच वेळ बघत होते. आत जाऊन काय विचारायचं ते सुचलं नाही. तिथूनच मामेबहिणीला फोन लावला. दिवाळीच्या त्या दिवसानंतर मी तिला असा मुद्दाम फोन कधी केलाच नव्हता. तिने उचलला नाही. मग आठवलं, तिची नाइट पोस्टिंग चालू होती, दिवसा झोपलेली असणार.

रात्री साडेनऊला तिचाच आला, वॉर्डात जायच्या आधी दहा मिनिटं. मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, पण तिनेच आधी सांगायला सुरुवात केली. आदल्या रात्री एका म्हाताऱ्या आजोबांना तिने पहिल्यांदा एकटीने कुशीवर वळवलं. उशी पाठीमागे कशी लावायची, चादरीला एकही सुरकुती का राहू द्यायची नाही, टाचांखाली काय ठेवायचं, सगळं सांगितलं. बेडसोअर होण्यामागचं प्रेशरचं गणित तिने मला, इंजिनिअरिंगच्या मुलीला, समजावून सांगितलं. मला त्या दिवाळीबद्दल सॉरी म्हणायचं होतं ते म्हणाले. ती म्हणाली की आता घड्याळात पावणेदहा झालेत, हँडओव्हरला उशीर होईल, आणि फोन ठेवला.